जपानच्या जिंजात पहिल्यांदा जाताना

टोकियोच्या मेइजी जिंगू या देवस्थानात आईला घेऊन गेलो होतो. पहिल्याच मोठ्या लाकडी कमानीपाशी तिने चपला काढल्या, हातात घेतल्या आणि ठेवायला जागा शोधू लागली. जागा नव्हतीच. आजूबाजूचे आजी-आजोबा, शाळेची मुलं, ऑफिसच्या कपड्यातली माणसं, सगळे बूट घालूनच आत निघाले होते. देवाच्या दारात चप्पल घालून जायचं हे तिला पटेना, आणि खडीवरून अनवाणी चालवेना. शेवटी नाइलाजाने चपला घातल्या. दहा-बारा मिनिटं चालून मुख्य मंडपासमोर पोचल्यावर तिने हळूच विचारलं, "अरे, पण देव कुठे आहे?"

जपानला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांना हेच दोन प्रश्न पडतात, म्हणून उत्तरं आधीच देतो. चपला काढायच्या नाहीत, कारण आपण इमारतीत शिरतच नाही; मंडपाबाहेर उभं राहून नमस्कार करतो. पैसे भरून आत बसून विधी करून घेणार असाल तरच पादत्राणं काढावी लागतात. आणि देव दिसत नाही. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या परंपरेत दर्शनासाठी मूर्ती मांडलेली नसते. आतल्या गाभाऱ्यात आरसा, तलवार, रत्न असं काहीतरी देवाचं अधिष्ठान म्हणून असतं आणि ते झाकलेलं असतं. आपण 'दर्शनाला' जातो तेव्हा डोळे मूर्ती शोधतात. इथे मूर्तीची जागा वाटेने घेतली आहे. कमानीपासून मंडपापर्यंत चालत जाणं, वाटेत थांबणं, हात धुणं, हीच पूजा. टूरबरोबर असाल आणि वीस मिनिटंच मिळणार असतील, तरी पळत जाऊन मंडपासमोर फोटो काढण्यापेक्षा ही वाट नीट चाला. मंडप नाही गाठता आला तरी चालेल, असं मला मनापासून वाटतं.

आधी ओळखा: जिंजा की बौद्ध मंदिर?

शिंतो देवस्थानाला जिंजा म्हणतात. राजघराण्याशी नातं असलेल्या काही मोठ्या स्थानांच्या नावात जिंगू येतं, काही थोर जुन्या स्थानांच्या नावात तैशा. नावाच्या शेवटी 'जी' किंवा 'देरा' असेल, म्हणजे सेन्सो-जी, कियोमिझु-देरा, तर ते बौद्ध मंदिर. जिंजाची खूण म्हणजे तोरी: दोन खांब आणि वर दोन आडव्या तुळया असलेली कमान. उदबत्त्यांचा धूर सोडणारं मोठं पात्र अंगणात दिसलं, तर बहुधा तुम्ही बौद्ध मंदिरात आहात.

हा फरक कळायला हवा, कारण टाळ्या फक्त जिंजात वाजवतात. बौद्ध मंदिरात नुसते हात जोडायचे. टोकियोच्या आसाकुसात दोन्ही अगदी शेजारी आहेत. सेन्सो-जीच्या मुख्य इमारतीकडे तोंड करून उभं राहिलात की उजव्या हाताला आसाकुसा जिंजा. पर्यटकांची गर्दी पहिल्यात दोनदा टाळ्या वाजवते आणि दुसरं बघतच नाही. अर्थात हे दोन धर्म हजारेक वर्षं एकमेकांत मिसळलेले होते; १८६८ मध्ये मेइजी सरकारने त्यांना कायद्याने वेगळं केलं. त्यामुळे अधूनमधून एकाच्या अंगणात दुसऱ्याची खूण सापडते.

खिशात काय हवं

सुटी नाणी आणि हातरुमाल. हात धुतल्यावर पुसायला तिथे काही नसतं. दानपेटीत कार्ड चालत नाही, आणि ताईत-चिठ्ठ्यांच्या खिडकीवरही रोख पैसे लागतील असंच धरून चला.

नाण्यांमध्ये पाच येनचं नाणं जपून ठेवा. पितळी रंगाचं, मधोमध भोक असलेलं. त्यावर '५' हा आकडा इंग्रजी अंकात नसतो, फक्त जपानी अक्षरांत असतो, म्हणून नवख्या माणसाला ते ओळखू येत नाही. भोक असलेलं आणखी एक नाणं आहे, ते पन्नासचं, पण ते चांदीच्या रंगाचं. पाच येनचा उच्चार 'गो-एन', आणि 'गोएन' म्हणजे ऋणानुबंध. देवाशी, माणसांशी चांगले बंध जुळावेत म्हणून हे नाणं टाकतात. जास्त टाकलंत तर कुणी अडवत नाही, कमी टाकलंत तर कुणी बघत नाही.

नारळ, हार, पेढे नेऊ नका. वाहायला जागा नसते, प्रसादाची पद्धत नसते, प्रदक्षिणाही घालत नाहीत. कपड्यांची सक्ती नाही, फक्त टोपी आणि गॉगल नमस्कारापुरते काढा. आणखी एक गोष्ट आपल्याला पटकन समजेल: घरात मृत्यू झाला असेल तर परंपरा पाळणारे जपानी लोक साधारण पन्नास दिवस जिंजात जात नाहीत. आपल्या सुतकासारखंच.

तोरीतून आत

तोरीसमोर क्षणभर थांबा, हलकंसं वाकून नमस्कार करा आणि आत जा. आत गेल्यावर वाटेच्या कडेने चाला. मधला पट्टा देवाच्या येण्याजाण्याचा, अशी समजूत आहे. गर्दीच्या ठिकाणी हे कुणी काटेकोर पाळत नाही, पण मधोमध उभं राहून पंधरा जणांचा ग्रुप फोटो काढणं टाळता येतं.

वाटेत दोन्ही बाजूंना सिंहासारखे दिसणारे दगडी राखणदार भेटतील, त्यांना कोमाइनु म्हणतात. जवळ जाऊन त्यांची तोंडं बघा. एकाचं उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. उघड्या तोंडातून 'आ', मिटलेल्या तोंडातून 'उन'. हे आपल्या संस्कृतातले 'अ' आणि 'हूं', पहिला ध्वनी आणि शेवटचा. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेलेले. न बोलता एकमेकांचं मन ओळखणाऱ्या दोन माणसांना जपानीत आजही 'आ-उन'चा श्वास जुळलेला आहे असं म्हणतात. आईला हे सांगितल्यावर ती पुढच्या प्रत्येक जिंजात आधी त्या दोघांची तोंडं तपासायची.

हात धुणं

वाटेच्या कडेला छपराखाली दगडी डोणी असते, तिला तेमिझुया म्हणतात. डोणीच्या काठावर लांब दांड्याच्या पळ्या पालथ्या मांडलेल्या असतात, बांबूच्या किंवा लाकडाच्या. हा भाग सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून सावकाश सांगतो.

उजव्या हातात पळी घ्या आणि एकदाच पाणी भरून घ्या. पुढचं सगळं या एका पळीभर पाण्यात करायचं आहे. आधी थोडं पाणी डाव्या हातावर. मग पळी डाव्या हातात घेऊन उजव्या हातावर. पुन्हा पळी उजव्या हातात, डाव्या तळहाताच्या ओंजळीत जरासं पाणी, आणि त्याने चूळ. पळीला तोंड लावायचं नाही, आणि हे आचमन नव्हे, पाणी गिळायचंही नाही. तोंडाशी हात धरून खाली, डोणीच्या बाहेरच्या चरात सोडायचं. डोणीत मुळीच नाही. मग डावा हात पुन्हा एकदा धुवायचा. शेवटी पळी उभी धरायची, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळत जातं आणि जिथे आपण धरलं होतं ती जागा पुढच्या माणसासाठी धुतली जाते. पळी पालथी ठेवायची आणि बाजूला व्हायचं.

क्योटोच्या एका लहान जिंजात एक आजीबाई आमच्या पुढे होत्या, पाठीतून वाकलेल्या. त्यांनी पळी उभी धरली आणि दांड्यावरून शेवटचा थेंब खाली येईपर्यंत तशीच धरून ठेवली. पाणी त्यांच्या मनगटावरून बाहीत गेलं, तरी हलल्या नाहीत. मग पळी ठेवली, दांडा बाकीच्या पळ्यांच्या रांगेत सरळ केला आणि आईकडे बघून मान लववली. मी यूट्यूबवर पाहून पाठ केलेल्या पायऱ्यांपेक्षा आईला त्या एका मिनिटात जास्त समजलं.

कोरोनाच्या काळात बऱ्याच ठिकाणी पळ्या काढून टाकल्या आणि त्याऐवजी बांबूच्या नळीतून वाहतं पाणी सोडलं. तसं असेल तर त्या धारेखाली डावा, मग उजवा हात धुवा. चूळ भरणं नको वाटलं तर सोडून द्या, बरेच जपानी लोकही सोडतात.

मंडपासमोर

रांगेत उभे राहा. पुढे ढकलाढकली नसते आणि मागून 'चला, चला' म्हणणारं कुणी नसतं, म्हणून आपणही घाई करू नये आणि फार वेळ लावू नये.

पाळी आली की जरा झुका, नाणं दानपेटीत हळूच टाका. लांबून भिरकावलेलं बरं दिसत नाही. वरून जाड दोर लोंबत असेल तर तो हलवून घंटा वाजवा. काही ठिकाणी घंटा नसतेच. मग कमरेतून खोल, दोनदा वाका. हात छातीसमोर जोडा, उजवा हात बोटाच्या एका पेराएवढा खाली सरकवा आणि दोन टाळ्या वाजवा. बोटं पुन्हा सरळ जुळवून डोळे मिटा. मनातलं सांगून झालं की आणखी एकदा खोल वाका. दोन नमस्कार, दोन टाळ्या, एक नमस्कार, एवढंच लक्षात ठेवा. इझुमो तैशासारख्या काही मोजक्या ठिकाणी टाळ्या चार वाजवतात. तिथे गेलात तर आधी पुढच्या माणसाकडे बघा.

मनात काय म्हणायचं? जपानी लोक आधी आपलं नाव आणि राहण्याचं ठिकाण सांगतात, मग आभार मानतात आणि मग मागणं मागतात. आपण संकल्प सोडताना नाव, गोत्र, गाव सांगतो, त्यातलाच हा प्रकार. मराठीत सांगा. आईने "मु. पो. संगमेश्वर" इथपासून सुरुवात केली होती, आणि मला ते फार योग्य वाटलं.

मुलाबाळांना टाळ्या वाजवायला सांगताना दहा-दहा वाजवू देऊ नका. बाकी कुणाची चूक झाली तर जपानमध्ये सहसा कुणी टोकत नाही. म्हणूनच आपण जास्त लक्ष ठेवायचं.

चिठ्ठी, पाटी, ताईत, शिक्का

नमस्कार झाल्यावर खिडकीकडे वळा. ती बहुतेक ठिकाणी सकाळी ९ च्या सुमारास उघडते आणि संध्याकाळी ४-५ ला बंद होते. जिंजाचं अंगण उघडं असलं तरी खिडकी बंद झालेली असते, हे लक्षात ठेवून दिवस आखा.

ओमिकुजी म्हणजे भविष्याची चिठ्ठी, साधारण १०० ते ३०० येनची. डबा हलवून क्रमांकाची काडी काढायची आणि त्या क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. 'दाइकिची' म्हणजे उत्तम, 'क्यो' म्हणजे वाईट. वाईट निघाली तर तिथल्याच तारांना किंवा दोऱ्यांना बांधून यायची. झाडाला बांधू नका, फांद्यांना इजा होते. मेइजी जिंगूतली चिठ्ठी वेगळी आहे. तिच्यात शुभ-अशुभ काहीच नसतं, सम्राट मेइजी किंवा सम्राज्ञी शोकेन यांची एक छोटी कविता असते, इंग्रजी अनुवादासह मिळते. ती मात्र घरी आणावी.

एमा ही लाकडी पाटी. शब्दाचा अर्थ 'घोड्याचं चित्र'. पूर्वी देवाला खरा घोडा वाहत, मग त्याचं चित्र वाहू लागले. मागच्या बाजूला मागणं लिहायचं आणि तिथल्या चौकटीला टांगायचं. नवसच म्हणा. मराठीत लिहिलेल्या पाट्या मी दोन-तीन ठिकाणी पाहिल्या. नाव लिहायला हरकत नाही, पण फोन नंबर आणि पूर्ण पत्ता लिहू नका, कारण पाटी सगळ्यांसमोर लटकत राहते.

ओमामोरी म्हणजे कापडी पिशवीतला ताईत, साधारण ५०० ते १००० येनचा. परीक्षेसाठी, प्रवासासाठी, बाळंतपणासाठी, असा प्रत्येकाचा हेतू वेगळा. पिशवी उघडून आत बघायचं नाही. इथे 'विकत घेतला' असं म्हणत नाहीत, 'स्वीकारला' म्हणतात. त्यामुळे दहा घेतो, भाव कमी करा, ही भाषा इथे नको. वर्षभराने तो परत देऊन विधीपूर्वक जाळायची पद्धत आहे. आपल्याला परत जाणं जमणार नसेल तर देवघराजवळ नीट ठेवावा.

गोशुइन मला सगळ्यात आवडतं. जिंजाचं नाव आणि तारीख ब्रशने लिहून वर लाल शिक्के उमटवतात. साधारण ३०० ते ५०० येन. त्यासाठी घडीची खास वही मिळते, ती आधी घ्या. साध्या डायरीत मागू नका. आणि नमस्काराआधी मागू नका, ही देवाला भेटल्याची नोंद आहे. लिहिणाऱ्याचा हात बघत उभं राहा. ब्रश टेकतो, जाड रेघ खाली उतरते, टोकाशी बारीक होत उचलली जाते, मग शाई पुसू नये म्हणून वर पातळ कागद ठेवून वही दोन्ही हातांनी परत येते. आपणही दोन्ही हातांनी घ्यायची.

फोटो

अंगणात बहुधा चालतात, मंडपाच्या आत किंवा नमस्काराच्या जागी बऱ्याच ठिकाणी मनाई असते. फलकावर चित्र असतंच. लग्नाची मिरवणूक दिसली तर बाजूला होऊन बघा. नवरीच्या समोर जाऊन सेल्फी घेणारे लोक पाहिलेत, फार वाईट वाटतं.

कुठे जावं

पहिल्यांदा जाणाऱ्याने मेइजी जिंगूपासून सुरुवात करावी. यामानोते लाइनच्या हाराजुकू स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच. १९२० साली उभारलेलं हे स्थान सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांचं. भोवतीचं दाट रान नैसर्गिक वाटतं, पण देशभरातून आलेली सुमारे १ लाख झाडं माणसांनी लावून ते तयार केलं आहे. सकाळी लवकर गेलात तर लांब झाडूने पाचोळा लोटणारे सेवक दिसतील. तो पाचोळा ते फेकत नाहीत, परत रानातच टाकतात, झाडांच्या बुंध्याशी.

आपल्या देवांची ओढ असेल तर कामाकुराच्या झेनिआराई बेंतेनला जा. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, जपानमध्ये जाऊन पाण्याची आणि पुढे धनाचीही देवता झालेली. डोंगरातल्या बोगद्यातून आत जायचं, टोपलीत नाणी-नोटा ठेवून गुहेतल्या झऱ्याच्या पाण्याने धुवायच्या. धुतलेले पैसे वाढतात अशी श्रद्धा आहे, आणि ते साठवायचे नाहीत, चांगल्या कामाला खर्चायचे. इथे जिंजा असूनही उदबत्ती लावतात. मघाशी म्हटलं ते मिश्रण हेच. गणपतीही जपानमध्ये आहे, कांगितेन या नावाने. आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन इथे त्याला मुळा वाहतात. पण ते बौद्ध मंदिर आहे, तेव्हा टाळ्या नकोत.

इसे जिंगू हे सूर्यदेवता आमातेरासूचं, शिंतोतलं सर्वोच्च स्थान. दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर सगळं लाकडी देऊळ नव्याने बांधतात. २०१३ मध्ये बांधलं, पुढचं २०३३ मध्ये. आधी गेकू (बाहेरचं देऊळ), मग नाइकू (आतलं देऊळ) असा क्रम. नाइकूत इसुझु नदीच्या काठावर उतरून हात धुता येतात. शेवटच्या दगडी पायऱ्यांच्या वर फोटो नाही. बघायला फार थोडं मिळतं, कुंपणामागून छपराचं टोक तेवढं दिसतं, म्हणून पहिल्याच सहलीत जाऊ नका. दोन-चार जिंजा पाहून झाल्यावर इसे कळतं.

मियाजिमा बेटावरच्या इत्सुकुशिमा जिंजाची समुद्रातली तोरी बघायला जाताना भरती-ओहोटीच्या वेळा पाहा. ओहोटीला तोरीपर्यंत चालत जाता येतं. खांबांच्या फटींत नाणी खोचू नका, लाकूड खराब होतं.

आणि क्योटोची फुशिमी इनारी. क्योटो स्टेशनपासून जेआर नारा लाइनने दुसरं स्टेशन, दारातच तोरी. ७११ सालापासूनचं स्थान, चोवीस तास उघडं, तिकीट नाही. इनारी ही भाताची आणि व्यापाराची देवता, कोल्हा तिचा दूत. डोंगर २३३ मीटरचा आणि वाटेवर हजारो शेंदरी तोरी. दिवसा खाली फोटोसाठी चेंगराचेंगरी असते. सकाळी ७ च्या आधी पोचा, किंवा सरळ वर चढत राहा. योत्सुत्सुजी नावाच्या चौकापर्यंत गेलात की क्योटो खाली दिसतं आणि गर्दी निम्म्याहून कमी होते. पूर्ण फेरीला दोन-अडीच तास लागतात. गुडघे दुखत असतील तर योत्सुत्सुजीवरून परत फिरा, काही चुकत नाही.

उतरताना तोरींच्या खांबांकडे नीट बघा. चढताना ते कोरे दिसतात, उतरताना प्रत्येकावर काळी अक्षरं दिसतात: ज्याने ती तोरी वाहिली त्याचं नाव आणि तारीख. कुठे मोठी कंपनी, कुठे एखादं घरगुती दुकान. खाली आलात की शाकाहारींनी एक जपावं: दुकानांतलं इनारीझुशी, तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात, दिसायला शाकाहारी असतं, पण टोफू बहुधा माशाच्या अर्कात शिजवलेला असतो.

बाहेर पडताना शेवटच्या तोरीपाशी थांबा, मागे वळा आणि आत शिरताना केला तसाच एक नमस्कार करा. मेइजी जिंगू सूर्यास्ताला बंद होतं, तेव्हा परतीच्या वाटेसाठीही दहा-बारा मिनिटं राखून ठेवा.